सामाईक भिंत

धनपालनं मोबाइलवर फोटो पाठवला होता:
नागपूरच्या रिंग रोडपलीकडचं ते निवास,
पांढऱ्या खुर्च्या, कडेनं जास्वंद,
नि एका रांगेत बसलेले म्हातारे,
सगळे एकाच बाजूला बघणारे,
जशी बस तिकडूनच यायची आहे.
पन्नास हजार अनामत. भरली त्यानं.
"पाडवा झाला की सोडून देतो तुले, माय."

सोडून देतो, म्हणाला.
पोचवून देतो म्हणायचं होतं त्याला.
मी शब्द दुरुस्त केला नाही.

पेटी भरली. चार लुगडी,
विडी कारखान्याचं कार्ड, डांबरगोळ्या.
पाडव्याला गुढी उभी
नि रस्ता बंद.

उठवलं जाणं आम्हाला नवं नव्हतं.
धरणानं गाव उठवलं तेव्हा
चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले:
मला एक्केचाळीस, पंचफुला मेश्रामला बेचाळीस.
जुन्या गावात तिची वस्ती नाल्यापल्याड,
माझं घर देवळाला लागून.
चिठ्ठीला जात वाचता आली नाही.
मधे एक सरकारी भिंत,
अंगणात छातीएवढी, घरात छताएवढी.
तेरा वर्षं तिच्याआडून
एकमेकींचं खोकणं ऐकलं. बाकी फार नाही.

टाळेबंदी लागली तशी ती भिंतीपाशी आली,
तोंडाला पदर.
"सकाळी उठलो का इथं गिलास पालथा ठेवू.
नाही दिसला त बोंब मार."
तिचा स्टीलचा, माझा पितळी.

भाद्रपदात स्टीलचा दिसला नाही.
प्लास्टिकचे कपडे घातलेली माणसं आली
नि तिला शाळेत नेऊन ठेवलं,
जिथं बावीस वर्षं तिनं खिचडी शिजवली.
फळ्यावर मार्चातली तारीख तशीच, सांगत होती मागून,
आणि खाली पोरांची संख्या: अठ्ठावीस.
रात्री झोप नाही लागली की
अठ्ठावीस पोरांचे तांदूळ मोजायची म्हणे.

बारा दिवस दोन्ही गिलास मीच पालथे घातले.
खोटी हजेरी लावावी तशी.

दुसऱ्या वर्षी, वैशाखात, निवासातून फोन:
"आजी, एक खोली रिकामी झाली आहे."
उन्हात उभी होते. पायाखाली चटके.
कशी झाली, ते विचारलं नाही.

धनपाल म्हणाला, मग हैदराबादले ये.
तुझ्या खोलीत आता पोराची शाळा भरते,
दार लावून, कानात वायर घालून;
पण हॉलमधे दिवाण टाकू.
तो खरंच म्हणत होता. आवाज रडवेला होता.
मी म्हटलं, बाबू, अनामत तेवढी परत मागव.
तीस आले. वीस कशाचे कापले
ते त्यालाही समजलं नाही.

त्या तिसातून भिंत फोडली.
गोवर्धन गवंडी दोन दिवस ठोकत होता,
गाव येऊन बघून जात होतं.
कोणी काही बोललं, कोणी घरी जाऊन बोललं.
चौकट बसली तेव्हा त्यानं विचारलं,
"कडी कोणाकडून लावू, काकी?"

मी गप्प. हा विचारच केला नव्हता.
पंचफुला म्हणाली,
"दोन्हीकडून लाव बाप्पा. भांडलो त लागन."

लागते. लाखोळीची डाळ
ती घोटून करते, मला मोकळी हवी;
ती पहाटे रेडिओ लावते.
मग एक कडी वाजते, मागोमाग दुसरी,
आणि संध्याकाळी, आधी कोणाची निघाली
यावर पुन्हा वाद.

पेटीत आता दोघींचे दवाखान्याचे कागद,
तिची शुगर, माझा गुडघा.
डॉक्टर वास घेऊन हसतो:
तुमच्या रिपोर्टांना कसर लागणार नाही.

दोघींपैकी एक उरेल तेव्हा काय,
धनपाल विचारतो दर रविवारी.
सांगते त्याला, पाहू.
फोन ठेवून मी उठते, अंगणात जाते.
दार झालं तरी गिलास अजून भिंतीवरच असतात.
रात्री दव पडतं. पुसून आत आणते.